दोन्ही बाजू सारख्या

बापाचं शब्दशः ऐकणारा मुलगा अख्ख्या गल्लीत आपण एकटेच, असा सलूनवाल्याच्या मुलाचा दावा होता, आणि तो खराही होता. हातात कात्री देताना बाबांनी बजावलं होतं, झोपलेल्या गिऱ्हाइकाला उठवायचं नाही आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय हात थांबवायचा नाही. मुलगा ते प्राणपणाने पाळत असे.

त्या सकाळी खुर्चीत येऊन बसले ते साक्षात होणारे सासरे. होणारे म्हणजे, झाले तर. रात्रपाळीचे बसचालक. मुलीने पसंत केलेला मुलगा जवळून बघावा म्हणून ड्यूटी संपवून थेट आले होते. मिशी अशी भरघोस, की माणसाच्या आधी तीच दुकानात शिरली.

"दाढी करा. लग्नाचं मग बोलू," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

"काका, मिशी जरा बेतात आणू का?" मुलाने अदबीने विचारलं.

काकांनी मान डोलावली. मुलाने उत्साहाने डावी बाजू कापली, आणि मग त्याला घोरणं ऐकू आलं. मान परत डोलली. ती कुणालाच काही सांगत नव्हती.

मुलाने घाईघाईने कात्री उजवीकडे वळवली. उजवी बाजू कापली, ती जरा जास्तच गेली. मग डावी तिच्याशी जुळवली. मग उजवी डावीशी.

"बाबा, उठवू का?" तो कुजबुजला.

बाकावर पेपर वाचत बसलेले बाबा डोकं वर न काढता म्हणाले, "मी काय सांगितलंय?"

अखेर दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या. म्हणजे उरलंच नाही काही.

काका जागे झाले. हात सवयीने मिशीला पीळ द्यायला गेला आणि रिकामाच परतला. आरशात बघून त्यांनी विचारलं, "हा कोण?"

मग त्यांनी मुलीला फोन लावून लग्न मोडल्याचं कळवलं. कारण ऐकून ती इतकी हसली, की दुकानभर ऐकू आलं.

"पप्पा, चुकलेल्या माणसाला एक संधी द्यायची, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

"तेव्हा मला मिशी होती."

पण पोरीपुढे कुठल्या बापाचं चाललंय? लग्नाला होकार मिळाला. तारीख मात्र मिशी पूर्ववत आल्यावर धरायची, तोवर ते फोटोला उभे राहणार नव्हते.

काका गेल्यावर मुलाचा जीव भांड्यात पडला. घाम पुसत त्याने विचारलं, "बाबा, झोपलेल्याला न उठवता तुम्ही इतकी वर्षं कसं जमवलंत हो?"

"मी? छे. ते माझ्या वडिलांचं सांगणं. मी तर गदागदा हलवून उठवायचो."

"मग मला कशाला शिकवलंत?"

बाबांनी पेपरचं पान उलटलं.

"बापाने काहीतरी शिकवायचं असतं. तू ऐकशील, असं कुणाला वाटलं होतं?"