माईंच्या चुलीचा धूर

"होडीची तर बंद ठेवायला हे काय राजे लागून गेले?" असं म्हणत जयराम मास्तरांनी खाडीच्या काठावर छत्री आपटली. तरीवर माणूस नाही, होडी नाही, हाक मारावी तर ओ द्यायला कावळासुद्धा नाही. शेजारी शिंगाडे साहेब घाम पुसत उभे होते.

शिंगाडे साहेब म्हणजे शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याबरोबर साताऱ्याहून हे नवे साहेब आले होते. मास्तरांच्या कसालच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त व्हायच्या बेतात होते आणि त्या खुर्चीवर मास्तरांचा डोळा होता. साहेब एकदा बोलता बोलता म्हणाले, "कोकणात येऊन सहा महिने झाले, पण अजून खरा मासा काही पानात पडला नाही." मास्तरांनी तिथल्या तिथे आमंत्रण देऊन टाकलं. "माझी सासुरवाडी खाजणबेटाला आहे, साहेब. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे नुसते माड. आमच्या सासूबाईंच्या हातचं जेवलात की सातारा विसराल."

यातली एक गोष्ट मास्तरांनी साहेबांना सांगितली नव्हती. गेली दोन वर्षं ते सासुरवाडीशी एक अक्षर बोलत नव्हते. पण खुर्चीसाठी माणूस रुसवा गिळतो, तसा त्यांनीही गिळला होता. बायको सुशीला म्हणाली होती, "आधी सांगान तरी धाडा." त्यावर मास्तर तडकले होते. "जावयाक सासुरवाडीक जावक परवानगी लागता काय?" एसटीत कंडक्टरही म्हणाला होता, "मास्तर, खाजणबेटाक आज तर..." त्यालाही त्यांनी, "तू तिकीट दे," म्हणून गप्प केलं होतं. मास्तरांचा स्वभावच असा, की समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत त्यांचा राग गावाला जाऊन परत यायचा.

काठावर एक लहानशी होडी ओढून ठेवलेली होती. मास्तरांनी तीच पाण्यात लोटली आणि बांबूने रेटत, गोलगोल फिरत, साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत भिजवत ते एकदाचे बेटावर उतरले.

बेटावर चिटपाखरू नव्हतं. घरांची दारं ओढलेली, अंगणं रिकामी, विहिरीवर बायका नाहीत, वाळूत सुकत घातलेली मासळी नाही. मास्तर पुढे आणि साहेब मागे, असे दोघे अख्ख्या वाडीतून गेले.

"मास्तर, इथं कुणी राहत नाही का?"

"राहतात, साहेब. लपलेत."

"का?"

"मला बघून."

साहेब चालता चालता थांबले. एका शिक्षकाला बघून अख्खं गाव लपतं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं. "तुम्ही नक्की काय केलंय या लोकांचं?"

"मी? मी काही केलं नाही! त्यांनी माझं केलंय!" मास्तरांचा आवाज चढला. माईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या अंगणात आल्यावर त्यांनी गोठ्यात डोकावलं. गोठा रिकामा. खुराड्यात हात घातला. खुराडंही रिकामं. आता मात्र त्यांच्या रागाला सीमा राहिली नाही. "बघितलंत? मला कोंबडी घालायला लागू नये म्हणून कोंबड्यासुद्धा लपवल्या! ही माणसं आहेत का कोण?"

खाजणबेटाच्या गावपळणीबद्दल मास्तरांनी कधी ऐकलंच नव्हतं असं नाही. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवता रवळनाथाचा हुकूम होतो आणि सगळा गाव गुराढोरांसकट, कुत्र्यामांजरांसकट वेशीबाहेर जाऊन झोपड्यांत राहतो. तीन दिवस, तीन रात्री गाव देवाचा. त्या काळात गावात माणसाने पाऊल टाकायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही. हे सगळं मास्तरांना ठाऊक होतं. पण राग डोक्यात असला की ठाऊक असलेलं आठवेल तर तो राग कसला!

दाराला नुसती कडी होती. मास्तर आत शिरले. "साहेब, सासूचं घर म्हणजे जावयाचं हक्काचं घर. बसा. मी जेवण करतो."

मास्तरांनी जन्मात चहासुद्धा केला नव्हता. त्यांनी चूल पेटवली तेव्हा धूर आधी त्यांच्या डोळ्यांत, मग घरभर आणि शेवटी कौलांतून आभाळात गेला. साहेबांनी त्यांच्या हातातली फुंकणी घेतली. "सरका तुम्ही. मी वीस वर्षं बदल्यांच्या गावी हाताने करून खातोय." साहेबांनी मडक्यातले तांदूळ काढले, शिंक्यावरचे सुके बांगडे निखाऱ्यावर टाकले, कोकमाची सोलं भिजत घातली. मास्तर मान खाली घालून नारळ खवत बसले. खात्याच्या अधिकाऱ्याला आपल्या सासूच्या चुलीपुढे फुंकर घालताना बघून त्यांना आपली खुर्ची त्या धुराबरोबरच वर जाताना दिसत होती.

पहिला घास तोंडात जातो न जातो, तोच खाडीकडून ओरडा ऐकू आला. दोघे बाहेर धावले. पाण्यात चार होड्या उभ्या होत्या आणि त्यांत अर्धा गाव. पण एकही माणूस काठावर पाय ठेवायला तयार नव्हता. पुढच्या होडीत गावाचे मानकरी गंगाराम गावकर हातात काठी घेऊन उभे होते.

"खंयचो रे देवचार तू? माईच्या घरात धूर कित्याक काढलंस?" मोकळ्या गावात देवचार, म्हणजे भुतंच, वावरतात अशी गावाची समजूत.

काठी, होड्या आणि काठावर पाय न ठेवणारी माणसं बघितल्यावर मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की ही तर गावपळण! पण माघार घेणं त्यांच्या पत्रिकेत नव्हतं. "देवचार नाय! मी जयराम! कसालचो! तुमचो जावय!"

होडीत माई उठून उभ्या राहिल्या. कपाळावर हात धरून त्यांनी निरखून बघितलं आणि ठाम मान हलवली. "खोटा! माजो जावय रुसान बसलो आसा. तो मेलो तरी येवचो नाय. ह्यो देवचारच. जावयाचा रूप घेऊन इलो."

"अवो माई, मीच तो!"

"आनी तो दुसरो कोण?" मागून मेव्हणा बाबली ओरडला. "त्येच्या हातात फुंकणी आसा!"

"ते आमचे साहेब!"

"साहेब कधी चूल फुकता? देवचारच दोघय!" गावकरांनी काठी वर केली. बायकांनी रवळनाथाचा धावा सुरू केला. मास्तरांच्या तोंडून दोन वर्षं साठवलेलं सगळं बाहेर पडलं.

"देवचार म्हणतास माका? दिवाळसणाक सुरमय केलास, थोरल्या जावयाक मधली तुकडी वाढलास आणि माका शेपटी! ती पण करपलेली! ताटावरसून उठलंय तेव्हा 'रवा, थांबा' म्हणूक पण कोण इला नाय!"

मग माईंनी खाली बसत सुस्कारा टाकला. "जावयच तो. देवचाराक शेपटीचा ठावक नाय."

ओळख पटली, पण आता खरा घोळ पुढे उभा होता. गावपळणीचा तो शेवटचा दिवस होता. उद्या सकाळी गाव घरी परतायचा होता आणि जावयाने गावात विस्तव पेटवून सगळ्यावर पाणी ओतलं होतं. दोघांना होडीत घालून खाडीच्या वळणापलीकडच्या, वेशीबाहेरच्या झोपड्यांकडे नेलं. तिथे देवाच्या पाषाणापुढे कौल लागला. ओल्या पाषाणाला दोन अंगांना फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही. गावकरांनी विचारलं, "देवा म्हाराजा, जावयाच्या हातसून चूक झाली, ती पोटात घाल. उद्या घराक जाव काय?" सगळ्या गावाने रिवाजाप्रमाणे "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ दिली. डावं फूल टपकन खाली आलं. पळण पहिल्यापासून. आणखी तीन दिवस. आणि गावात शिरलेल्या दोघांनाही ती पुरी करायची होती.

त्या तीन दिवसांत मास्तरांनी जेवढं ऐकून घेतलं, तेवढं त्यांनी वर्गातल्या पोरांना आयुष्यभरात ऐकवलं नसेल. एकीचं मूल खोकत होतं, एकाची म्हैस झोपडीत दूध देईना, एकाचं भात झोडायचं राहिलं होतं. सगळ्यांचं एकच उत्तर, "जावयाक विचारा." माईंनी पहिल्या रात्री सुरमईची मधली तुकडी मुद्दाम मास्तरांच्या पानात घातली आणि अख्खा गाव ती त्यांच्या घशाखाली उतरेपर्यंत बघत बसला. ती उतरता उतरत नव्हती.

साहेब मात्र मजेत होते. रोज ताजी मासळी, वर खाडीचा वारा. तिसऱ्या दिवशी त्यांनी झोपड्यांमधून हुंदडणारी पोरं गोळा केली आणि विचारलं, "तुमचे मास्तर कुठं आहेत?"

"मास्तर नाय," गावकर म्हणाले. "हेडमास्तराची जागा वर्षभर मोकळी आसा. खाडी बघून कोण येणा नाय."

साहेब हसले आणि मास्तरांकडे वळले.

"जयरामराव, कसालच्या जागेसाठी माझ्याकडे ढीगभर अर्ज आहेत. इथल्यासाठी एकही नाही. तुम्हाला मुख्याध्यापक व्हायचंय ना? झालात. इथं. तुम्ही होडी चालवता, गाव तुम्हाला ओळखतो, घरही हक्काचं आहे."

मास्तर 'नको' म्हणायला उठले. पण त्यांच्याआधी गाव उसळला. "साहेब, आमचो गुन्हो काय?" गावकर काठी टेकत पुढे आले. "तीन दिवस जास्त काढले ना आमी देवासाठी? ह्या माणसान एकदा पाय ठेवल्यान तर अख्खो गाव भायर रवलो. रोज इलो तर आमी जावचा खंय?"

"सरकारी हुकूम आहे," साहेब म्हणाले.

"हुकूम देवाचो," गावकर म्हणाले. "कौल लावूया."

साहेबांनाही ते पटलं. पाषाण भिजवून नवी फुलं लावली. गावकरांनी मोठ्या आवाजात देवाला विचारलं, "बा रवळनाथा म्हाराजा, ह्यो मास्तर गावात घेव काय?" खाजणबेट आणि जयराम मास्तर यांचं त्या दिवशी पहिल्यांदाच एकमत होतं. माई, बाबली, खोकणाऱ्या मुलाची आई, म्हशीचा मालक आणि खुद्द मास्तर, सगळे डोळे मिटून, हात जोडून, जीव ओतून डावं फूल मागत होते.

उजवं पडलं.

"व्हय म्हाराजा!" असा खणखणीत आवाज एकट्या शिंगाडे साहेबांचाच आला.