ज्याचं त्यालेच दिसन

दिवाकरभाऊ डबा खाताना झाकण उभं धरतात. समोरच्याला भाजी दिसू नये म्हणून. भाजी वांग्याची आहे हे वासानं सगळ्या ऑफिसला केव्हाच कळवलेलं असतं, पण भाऊंचं तत्त्व ठाम आहे: "ज्याचं त्यालेच दिसन."

ते माझे शेजारी. लोहाऱ्याच्या कापूस जिनिंगमध्ये मी हिशेब पाहतो, ते कॉम्प्युटर. तिथली सगळी व्यवस्था त्यांनीच बसवली. जो लॉगिन करील त्याला फक्त त्याच्याच नोंदी दिसतात. गेटवरच्याला गाड्या, काट्यावरच्याला वजनं, मला बिलं. एकदा मी सहज विचारलं, आज कापसाच्या गाड्या किती आल्या?

"तो तुमचा रोल नाई, भाऊ."

शेवटी मी खिडकीत उभा राहून मोजल्या.

घरीही तेच. आईवडील गेल्यापासून घरात ते आणि धाकटी बहीण नलू, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. फ्रिजचा वरचा कप्पा भाऊंचा, खालचा नलूचा. दार वाजवलं की आतून "कोण?" येत नाही, "युजरनेम?" येतं.

अशा माणसाकडे आमच्या समाजाच्या मंडळानं वधू-वरांची वेबसाइट सोपवली. प्रत्येक तालुक्याचा एक कार्यकर्ता, आपल्या भागातली स्थळं तोच भरणार. उद्घाटनाला नारळ फुटला, सगळ्यांनी लॉगिन केलं आणि सभागृहात एकच कल्ला उठला. मारेगावच्या काकूंना फक्त मारेगावची स्थळं दिसत होती, पांढरकवड्याच्या मामांना फक्त पांढरकवड्याची. मी मंडळाचा खजिनदार, एकही स्थळ भरलेलं नाही. मला शून्य. इतका निर्मळ ताळेबंद मी जन्मात पाहिला नव्हता.

"दिवाकर, मायी पोरं मले तोंडपाठ हायेत!" काकू कडाडल्या. "मले दुसऱ्याईच्या पोरी पाहाच्या हायेत!"

"दुसऱ्याईच्या कायले पाहता, काकू?"

"लग्न लावाले, बाप्पा! एकाच गावातले किती जण एकमेकाच्या गयात बांधू?"

अध्यक्षांनी सगळं खुलं करायला सांगितलं. भाऊंनी कुरकुरत वय, शिक्षण, उंची, गाव, सगळं खुलं केलं. एकच रकाना बंद ठेवला. शेरा.

आमच्याकडे नकार आला की कार्यकर्ते शेरा लिहितात, आणि मग तो शेरा स्थळाच्या आधी पुढच्या गावी पोचतो. नलूचं ठरलेलं लग्न मागे एकदा मोडलं, तेव्हा कोणीतरी मंडळाच्या वहीत लिहिलं होतं, 'साखरपुडा मोडला. कारण समजले नाही.' समजलं नाही म्हटल्यावर प्रत्येक गावानं आपल्याला हवं ते कारण भरलं. त्यानंतर त्या घरी पोहे व्हायचे, पाहुणे यायचे नाहीत. ते पोहे आम्ही शेजारी खायचो. खाली मान घालून.

"शेऱ्याबिगर स्थळ वळखाचं कसं?" अध्यक्षांचा आवाज चढला.

"तो रकाना कोनालेच दिसनार नाई. मलेबी नाई. नसन जमत तं दुसरा मानूस पाहा." भाऊ उठून उभे राहिले.

मग काकूच म्हणाल्या, "राहू द्या नं. शेऱ्याले कायले, मानसालेच विचारू."

पुढच्याच महिन्यात काकूंनी नलूसाठी स्थळ आणलं. पाहुणे खरोखर आले. पोहे समोर गेले. मुलाच्या आईनं सरळ विचारलं, "याच्या आंधी कुठं जमलं होतं का, बाई?"

भाऊंचा चेहरा लायटी गेल्यासारखा झाला. नलूनं बशी खाली ठेवली.

"जमलं होतं. शायेतली नोकरी सोड म्हने. म्या त्याइलेच सोडलं."

मुलाच्या आईला पोह्याचा ठसका लागेपर्यंत हसू आलं. "बरं केलं, माय! आता आमाले नोको सोडू म्हंजे झालं."

काकूंनी टाळ्या वाजवल्या, मी पेढे आणायला निघालो, तर भाऊ गायब. स्वयंपाकघरात फ्रिज उघडून उभे होते. खालच्या कप्प्याकडे बघत.

"भाऊ, पसंती आली. बाहेर चला नं."

"येतो," ते म्हणाले. "आता या घरात एकच युजर राहीन."

सोमवारी ऑफिसात त्यांनी डबा उघडला, झाकण टेबलावर आडवं ठेवलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"पाहून घ्या, भाऊ. नलूच्या हातचं हाय."

वांगंच होतं.