शिट्टीनंतरचे भोईर सर

शिट्टी वाजली की मैदानावरचे सगळे श्वास सोडतात. आमचे भोईर सर तेव्हा डोळे मोठे करतात आणि पाठीमागे हात नेऊन बोटांवर एक ते पाच मोजतात. "चेंडू चालू असताना सगळेच शहाणे. मानूस कळतो शिट्टीनंतर!" त्या पाच आकड्यांत कुणी चेंडू आपटला, पंचाला वेडावलं, की सरांच्या उभ्या तळव्यावर आडवा तळवा. टेक्निकल फाउल! समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. एकाच खेळाडूचे असे दोन झाले, की तो बाहेर.

सर पोशीरचे निवृत्त पी.टी. शिक्षक, बास्केटबॉलचे पंच. मी टेबलावर गुणपत्रक लिहितो. अकरा वर्षांत त्यांचे एकोणचाळीस टेक्निकल मी नोंदले आहेत. भाचीच्या हळदीत व्याह्यांना दिलेला त्यात धरलेला नाही.

घरातही हाच खाक्या. मुलीने, शीतलने, एक स्थळ नाकारलं, तेव्हा तिचं न ऐकताच सरांनी तिच्याविरुद्ध निकाल दिला. ती रसायनीला नोकरी धरून निघून गेली. दोन वर्षं फोन येतो तो आईला. बापाशी एक शब्द नाही.

यंदा खोपोलीच्या स्पर्धेत रसायनीच्या संघात शीतल होती. सरांनी आधीच टेबलाशी येऊन सांगितलं, "ती माझी मुलगी हाय. कुनाची हरकत?" दोन्ही कर्णधारांची नव्हती. दुसरा पंच मिळणारही नव्हता.

तिसऱ्या सत्रात सरांनी तिचा फाउल दिला. तिने त्यांच्याकडे न बघता चेंडू भिंतीवर भिरकावला. टेक्निकल. चौथ्या सत्रात पुन्हा तिच्यावर शिट्टी. मैत्रीण दंड धरून ओढत होती, "चल गं, गप ऱ्हा!" पण शीतल सरांसमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, माझा हात लागलाच नाय! तुमी कदी ऐकून घेतलंय का माझं? एकदा तरी?"

पाच झाले. सरांचे हात पाठीमागेच. मी मोजत होतो. अकराव्या आकड्याला ते वर आले. दुसरा टेक्निकल. शीतल बाहेर गेली, रसायनी चार गुणांनी हरली.

खेळाडूला बाहेर काढलं, तर आमच्या स्पर्धेत गुणपत्रकामागे अहवाल लागतो. खेळाडू नेमकं काय बोलली, ते शब्दांसकट. सर सही करायला आले तेव्हा मी पेन सरसावून विचारलं, "काय लिहू?"

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा पुसला.

"लिवा," ते म्हणाले, "पप्पा म्हनाली."