सहाशे लाल तळवे

"बाजारातली रंगाची पुडी? आणि मी आणू?" बयूमी उस्तादांनी असा चेहरा केला, जणू कुणी त्यांच्या आईचं नाव काढलं होतं. "तीस वर्षं या गिरणीचं सूत रंगवतोय मी! अंड्यांनाही माझाच रंग लागणार. एक मेचा लालभडक! निघाला तर नाव बदलीन!"

त्या वर्षी दोन सण पाठोपाठ आले होते. रविवारी कामगार दिन, सोमवारी वसंताचा शम्म-अन-नसीम. म्हणजे रविवारी घोषणा आणि साहेबांचं भाषण, सोमवारी नाईलकाठच्या गवतावर खारवलेले मासे, कांद्याची पात आणि रंगीत अंडी! युनियनने सभेला येणाऱ्या प्रत्येकाला दोन अंडी वाटायचं ठरवलं आणि रंगवायचं काम उस्तादांनी अंगावर ओढून घेतलं.

त्यांची लेक इन्साफ सूतखात्यात होती. तिला अंड्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. गिरणीचं पाळणाघर हिवाळ्यापासून बंद, तिची रजा बुधवारी संपणार. दीड वर्षाच्या लेकीला, नवाराला, ठेवायचं कुठे? पाळणाघर उघडलं नाही, तर नोकरीवर पाणी!

"बाबा, आज सभेत पाळणाघराची मागणी आहे. कृपा करून काही घोळ घालू नका!"

"मी? अगं, मी नुसती अंडी रंगवलीत!"

सकाळी फाटकावर अंडी वाटली. काय चमकत होती! लोक कौतुकाने हातात घेऊन उभे राहिले. ऊन तापलं, तळहातांना घाम सुटला आणि पाचच मिनिटांत ओरडा झाला.

"उस्ताद! हे निघत नाहीये!"

साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. रंग ढिम्म! तीनशे माणसं, सहाशे लाल तळवे!

"संध्याकाळी माझ्या मुलीचा साखरपुडा आहे हो!" एक जण रडकुंडीला आला.

युनियनचे सेक्रेटरी मितवल्ली धावतच आले. "कैरोहून फोटोवाले आलेत आणि आपण खून करून आल्यासारखे दिसतोय! ऐका रे, सभा संपेपर्यंत एकानेही हात बाहेर काढायचा नाही!"

इन्साफने बापाकडे डोळे वटारून पाहिलं. उस्तादांना धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

मॅनेजर रिफअत साहेब व्यासपीठावर चढले. "गिरणीच्या वाघांनो!" असं गरजून टाळ्यांसाठी थांबले. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तीनशे माणसं हात काखेत दाबून, मांडीखाली घालून मख्ख बसलेली!

साहेब घोटभर पाणी प्याले. "आठवड्यातून दोनदा जेवणात मटण!"

पुन्हा शांतता.

साहेबांनी मितवल्लींना खुणेने जवळ बोलावलं. "अहो, हे टाळ्या का वाजवत नाहीत?"

मितवल्लींचे दोन्ही हात खिशात. काय सांगणार? पण माणूस मुरलेला. शांतपणे म्हणाले, "पाळणाघर, साहेब."

"पाळणाघराचा... आम्ही सहानुभूतीने विचार करू!"

कुणी हललं नाही. पहिल्या रांगेत इन्साफ हात काखेत घट्ट धरून साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून बसली होती. फोटोवाले एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागले.

"बरं बाबांनो, उघडू! परवा, मंगळवारी! लेखी देतो!"

आणि मग कुणाला भान राहिलं हो! तीनशेच्या तीनशे माणसं ताडकन उठली आणि सहाशे लालभडक तळवे एकदम हवेत गेले! साहेब दोन पावलं मागे सरकले, खुर्चीला अडखळले.

"करतो, सही करतो! आत्ता करतो!" आणि केली. इतकी दाबून केली की कागद फाटला.

सगळ्यांनी उस्तादांना खांद्यावर घेतलं. इन्साफ रडत होती, हसत होती. "ठरवूनच केलं होतं सगळं!" उस्ताद वरून ओरडले. संध्याकाळपर्यंत त्यांचाही त्यावर विश्वास बसला.

मंगळवारी पाळणाघर उघडलं. इस्त्रीचा झब्बा घालून उस्ताद स्वतः नातीला पोचवायला गेले. आयाने दार उघडताच त्यांनी ऐटीत दोन्ही हात पुढे केले. "चल नवारा, आजोबांनी मिळवलेल्या पाळणाघरात!"

नवाराने ते लालभडक हात पाहिले आणि असा भोंगा पसरला की आतली सगळी पोरं रडायला लागली.

"आजोबा," आया वैतागून म्हणाली, "आम्हाला हे पाळणाघर चालवायचंय. तुम्ही बाहेर उभे राहा बरं!"