शून्य डिझेलचा विक्रम

लांबच्या माणसाला जे दिसतं ते जवळच्याला दिसत नाही, हे आता शास्त्रानं मान्य केलं आहे. म्हणूनच दर्यापूरच्या शफीनं आपल्या जीपचं इंजिन पुण्यातल्या तज्ज्ञाला दाखवलं. अर्थात, न दाखवता.

शफीची जीप दर्यापूर-अमरावती धावे. बोंडअळीनं दोन हंगाम खाल्ल्यावर या मार्गावरच्या पाच जीपांपैकी तीन विकल्या गेल्या आणि त्यांचे प्रवासी शफीकडे आले. परवाना नऊ जणांचा, बसत पंधरा (टपावरचे धरलेले नाहीत). जीप धापा टाकू लागली. गावच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून पाहायची तयारी दाखवली, पण ही पद्धत आता मागासलेली समजतात.

नवी पद्धत स्वच्छ होती. स्टिअरिंगखाली एक डबी खोचायची. ती वेग, गिअर, डिझेल सगळं टिपते. नोंद फोनवरून पुण्याला जाते आणि तिथून इंजिनाच्या कॉम्प्युटरसाठी सुधारित फाईल येते. हाताला काळं लागत नाही.

पहिल्याच नोंदीवर तज्ज्ञांचा फोन आला. "पन्नास किलोमीटरात बासष्ट थांबे! तुम्हाला थांबायची सवय आहे."

"सवय नाई साहेब, सवाऱ्या हायेत."

"सवाऱ्या नोंदीत दिसत नाहीत," तज्ज्ञ म्हणाले. विषय संपला.

फाईल आली. रिकामी जीप वाऱ्यासारखी पळाली. शफीच्या बायकोनं, सुरैय्यानं, कधी नव्हे ते कौतुक केलं. मग मंगळवार उजाडला. त्या दिवशी सत्तरीच्या केशरबाईंचं अमरावतीला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. चार महिन्यांनी नंबर लागला होता. दहाच्या आत पोचायचं होतं. जीप गच्च भरली आणि वलगावच्या अलीकडे गप्प झाली.

चावी फिरवून फिरवून शफीचा हात दुखला.

"काहून रे बाबू," केशरबाई म्हणाल्या, "तुह्या फाईलनं उतरून ढकला म्हणून सांगतलं काय?"

केशरबाईंना आत ठेवून सगळे उतरले. दीड किलोमीटर जीप ढकलत वलगावला आणली. तिथून शफीनं त्यांना एसटीत बसवलं, स्वतः सोबत गेला. पोचले पावणेअकराला. नाव कटलं होतं. पुढची तारीख महिन्यानं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून संदेश आला : "अभिनंदन! दीड किलोमीटर, डिझेल शून्य. असंच चालवत राहा."

शफीनं तो स्टँडवर मोठ्यानं वाचला. केशरबाई तेवढ्या हसल्या. त्यानं डबी उपटली आणि मेकॅनिककडून जुनी फाईल परत टाकून घेतली. महिन्यानं केशरबाईंना न्यायच्या दिवशी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा परवान्याइतकीच माणसं बसवली. जीप नवाच्या आधी पोचली. डोळा नीट झाला.

तुम्ही म्हणाल, हे त्यानं रोजच करायला हवं. अगदी बरोबर. तुमचं हे मत त्या दिवशी मागे राहिलेल्या सहा जणांना कळवलं आहे. तुम्ही कुठे बसून वाचताय, एवढंच त्यांनी विचारलं.