बीचचं दार

"लाकूड मला नुसत्या वासावरून कळतं!" असं पोस्टमास्तर सगळ्यांना सांगत सुटले होते. स्वेच्छानिवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं सुतारकाम शिकून दोन स्टुलं केली होती. आता बाथरूमचं दार! वखारवाला म्हणाला, "हा बीच." मास्तर मनात म्हणाले, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचं लाकूड. ते पाण्याला काय भीक घालणार!

दार मात्र देखणं झालं. फिकट गुलाबी, गालासारखं गुळगुळीत. बायकोसुद्धा येता-जाता हात फिरवायची. असलं रूप रंगाखाली कोण झाकणार? मास्तरांनी ते तसंच बसवलं.

पंधरा दिवस घरादारानं कढत पाण्याच्या आंघोळी केल्या. सोळाव्या दिवशी त्यांची थोरली बहीण, आक्का, आत गेली ती बाहेरच येईना. अकराला शाळेत तिचा निरोपसमारंभ. तीस वर्षं मुख्याध्यापिका होती!

"अरे, दार उघड!"

"आक्का, आधी कडी काढ!"

"कधीच काढलीय! दार फुगलंय!"

मास्तरांनी जीव खाऊन ओढलं. मूठ तेवढी हातात आली! शेवटी बायकोनं शेजारच्या कारखान्यातल्या सुतारबाईंना बोलावलं.

बाईंनी हत्यारं बाजूला ठेवून आधी चष्मा लावला. "वा! या बारीक तपकिरी रेघा बघा, तीळ सांडल्यासारख्या. हीच बीचची खूण. वास म्हणाल तर जवळजवळ नाहीच! खुर्च्या करा, खेळणी करा, वाफेवर हवा तसा वाकवा. पण पाणी दिसलं की अधाशासारखा पितो."

"पण हा किनाऱ्यावरचा ना?"

"अहो, बीच हे झाडाचं नाव! थंड मुलखातलं झाड. समुद्राचा काय संबंध?" मग त्या थबकल्या. "सांधे कुणी केले?"

"मी," मास्तर पुटपुटले.

"सुरेख! केस जायचा नाही आत. कच्च्या हाताचं दार असतं तर खिळखिळं होऊन केव्हाच उघडलं असतं!"

मास्तरांचे डोळे भरून आले.

"कौतुक झालं असेल तर मला काढा!" आतून आक्का ओरडली.

बाईंनी बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढल्या, फटीत पाचर सारली आणि ओरखडाही न उठवता दार अलगद उतरवलं. मास्तर बघतच राहिले. आक्का दहा मिनिटं उशिरा पोचली, भाषण विसरली आणि तिनं दाराचीच गोष्ट सांगितली. शाळा हसून लोळली!

दुसऱ्या दिवशी मास्तर कारखान्यात हजर. "बाई, मला लाकूड ओळखायला शिकवा."

बाईंनी हातात झाडू दिला. "भुसा झाडा आणि कशाचा ते सांगा."

मास्तरांनी चार ढीग केले आणि चार नावं सांगितली. चौथं बरोबर आलं: धूळ!