जावयाच्या गाडीतला उंदीर

जानेफळात माणिकरावांच्या अंगणात जावयाची गाडी उभी होती, आणि ती मेलेली आहे हे सकाळी आठ वाजता फक्त माणिकरावांना ठाऊक होतं. कारण मारली त्यांनीच होती.

तसा हेतू वाईट नव्हता. पहाटे ट्रॅक्टरनं नुसतं 'टक' केलं आणि मान टाकली. उन्हाळी भुईमुगावर फवारणीसाठी पाणी न्यायचं होतं, आणि अंगणात सहा महिन्यांची कोरी गाडी, तिच्यात कोरी बॅटरी. आता बॅटरी उसनी घेणं म्हणजे जानेफळात विरजण उसनं घेण्यासारखं. एकाची काढायची, दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालू करायचा, एकदा त्यानं धूर सोडला की बॅटरी पुन्हा ज्याची त्याला. जावई झोपलेला, किल्ली खुंटीला. माणिकरावांनी बॅटरी नेली, ट्रॅक्टर चालू करून चुलतभावासोबत शेतात धाडला, आणि बॅटरी परत बसवताना झुंजुमुंजूच्या उजेडात लाल वायरीच्या जागी काळी टेकवली.

अशी ठिणगी उडाली म्हणता! समोरच्या निंबावरचे दोन बगळे दचकून उठले ते मेहकरपर्यंत थांबले नाहीत. माणिकरावांनी झटकन वायरी सरळ केल्या, बोनेट लावलं, आणि अंगठा चोखत घरात येऊन पडले.

आता हे दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर झालं असतं. पण माणिकराव म्हणजे गावातल्या विहिरींच्या मोटारींचे डॉक्टर. तीस वर्षांची प्रॅक्टिस. बिघडलेला स्टार्टर त्यांचा खोकला ऐकूनच सुरू होतो, अशी ख्याती. धाडच्या एका शेतकऱ्याची मोटर तर त्यांनी फोनवरून नुसतं दरडावून चालू केली होती. बुलढाण्याला कचेरीत नोकरीला असलेला जावई देवानंद हे किस्से साऱ्या कचेरीला ऐकवायचा. त्या जावयाला कळलं की सासऱ्याला लाल-काळं उमजत नाही, तर उरलं काय?

साडेआठला देवानंद मऊ फडकं घेऊन गाडी पुसायला गेला आणि लगेच परत आला.

"मामाजी, गाडी काही बोलूनच नाई राह्यली."

"थंडीनं आखडली असन," माणिकराव पांघरुणातून म्हणाले.

"एप्रिल हाय, बाबा," धम्मशीला म्हणाली. लेकीला लहानपणापासून ही खोड होती.

शेवटी बसस्टँडवरच्या गॅरेजातून गोविंदाला बोलावणं गेलं. हा गोविंदा सावकाश माणूस. आधी त्यानं चहा घेतला, मग गाडीभोवती एक चक्कर मारली, मग बोनेट उघडून मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या.

"साडेबारा व्होल्ट. बॅटरी टनाटन हाय."

"मंग लाइट काऊन नाई लागत?" देवानंदनं विचारलं.

"टाकीत पाणी हाय, पण नळाले येत नाई. मधात कुठंतरी पाइप फुटला. तो पाहू."

त्यानं बॅटरीची काळी वायर जिथं गाडीच्या अंगाला बसवलेली असते ती जागा हलवून पाहिली. ती घट्ट होती. मग टेस्टरचा बल्ब घेऊन तो छोट्या फ्यूजांवर एकेक करून टेकवत गेला. सगळे फ्यूज शाबूत, आणि बल्ब एकावरही लागेना. म्हणजे करंट इथवर पोचतच नव्हता. गोविंदा मागे मागे सरकत बॅटरीच्या लाल टोकापर्यंत आला, तिथलं झाकण उचकटलं, आणि थांबला. आतली जाड पट्टी मधोमध वितळली होती.

"मेन फ्यूज उडाला. मोठा शॉट झाला, भाऊ."

"असा आपोआप?"

"आपोआप नाई होत." गोविंदाची नजर बॅटरीच्या नटांवर गेली. त्यांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. मग ती माणिकरावांच्या अंगठ्यावर आली. "काका, अंगठा काऊन काळा झाला वो तुमचा?"

"चूल पेटवली सकाळी."

"तुम्ही?" ओट्यावरून जनकाबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून चुलीकडं पाय करून झोपले नाई तुम्ही, अन पेटवली कवा?"

माणिकरावांनी अंगठा मुठीत लपवला. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि तोंडाला आलं ते ते बोलले. "उंदीर! उंदरानं वायर खाल्ली असन!"

गोविंदानं त्यांच्याकडे पाहिलं. स्टार्टरची विद्या त्यानं त्यांच्याच हाताखाली घेतली होती. "हाव," तो सावकाश म्हणाला. "उंदीरही करू शकते. मोठा असला तर."

"केवढा?" देवानंदनं विचारलं.

"पाच फूट चार इंच," गोविंदा पुटपुटला आणि नवा फ्यूज आणायला गॅरेजकडे गेला.

माणिकरावांनी श्वास सोडला. पण तो अर्धाच सुटला होता, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"उंदीर? माह्या घरी?"

जनकाबाईंचं घर म्हणजे काय सांगावं! त्यांच्या ओट्यावर माशी बसायच्या आधी पाय पुसते. ग्रामसेवकानं स्वच्छतेच्या सभेत त्यांचं नाव घेतलं होतं. त्या घरावर, जावयासमोर, उंदराचा आळ!

"मामी, तसं नाई," देवानंद गडबडला. "उंदीर कुठंही असते. पुढच्या टायमाले आम्ही गाडी स्टँडवरच लावू. नाईतर एसटीनं येऊ."

त्यानं हे भल्यासाठीच म्हटलं, पण ते गेलं वर्मी. जनकाबाई काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि कोठीतलं एकेक भांडं अंगणात आणून मांडू लागल्या. गव्हाची पोती सरकवली, माळा झाडला, गाद्या उलट्या केल्या. अर्ध्या तासात सगळा संसार उन्हात आला, पण उंदराची एक लेंडीही सापडली नाही. मग त्या पितळी हंड्याशेजारी बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

आता एवढी वर्षं जनकाबाईंचं बोलणं माणिकरावांनी आरामात सोसलं होतं. हे न बोलणं त्यांना सोसेना. तोवर गोविंदानं फ्यूज आणून बसवला होता. गाडी एका किल्लीत चालू झाली, मीटरनं चौदा व्होल्ट चार्जिंग दाखवलं, आणि पाच फूट चार इंच माणिकराव अंगणाच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"उंदीर बिंदीर काही नाई!" ते ओरडले. "मीच केलं. म्याच बॅटरी काढली पहाटी अन उलटी लावली. लालच्या जागी काळी. ऐकलं? मी!"

देवानंद दोन पावलं पुढे आला. त्याचे डोळे भरले होते.

"मामाजी," तो म्हणाला, "मामीच्या घराले बट्टा लागू नये म्हणून तुम्ही सोताच्या नावावर घेऊन राह्यले?"

"अरे नाई, बापू! खरंच मी..."

"तीस वर्षं गावाच्या मोटरी चालवल्या तुम्ही. लाल-काळ्यात तुम्ही चुकान? कोणाले सांगता?" आणि त्यानं वाकून सासऱ्याच्या पायांना हात लावला.

"गोविंदा, सांग रे बाप्पा यांले!" माणिकराव काकुळतीला आले. "तुले तं माहीत हाय!"

गोविंदाला वाटलं, गुरू आपल्याला सांभाळून घ्यायला सांगतायत. त्यानं मान खाली घातली. "काय सांगू, काका? तुमच्यासारखं मन नाई कोणाचं."

धम्मशीला डोळे पुसत भांडी आत नेऊ लागली. जनकाबाई उठल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की माणिकरावांना अंगठ्याच्या ठणक्याचा विसर पडला. "बसा," त्या म्हणाल्या, "भाकर वाढते गरम." आणि त्यांनी ताटात वांग्याच्या भाजीवर जे तेल ओतलं, ते दिवाळीतही नसायचं.

माणिकराव जेवले. खरं सांगून बसलेल्या माणसानं आणखी काय करावं?

जाताना देवानंदनं गाडीची काच खाली केली. "मामाजी, आमच्या साहेबाची गाडी महिन्याभरापासून बंद पडून हाय. मोठमोठे मेकॅनिक हरले. येत्या रविवारी ओढून आणतो. साहेबाले सांगितलंच मी, आमच्या मामाजीबिगर बोनेटले कोणी हात लावायचा नाई."

गाडी वळणाआड गेली. माणिकरावांनी घाईनं मागे वळून पाहिलं. गोविंदाच्या मोटारसायकलची धूळ तेवढी रस्त्यावर खाली बसत होती.